चिल्लर मासळी आणि आपला तलाव

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायला सांगितला होता. मी बँकेत होतो, कागदपत्रं सांभाळून ठेवतो, आणि पहिली आठ वर्षं कोषाध्यक्षही होतो, म्हणून माझ्याकडे आले असावेत. पण नोंदणी, लेआउट मंजुरी, विजेचे खांब, हनुमान मंदिराचा चबुतरा हे सगळं आपल्या पहिल्या सचिवांनी याच अंकात माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं आहे. तेच पुन्हा लिहून छपाईचा खर्च कशाला वाढवायचा? म्हणून मी जरा मागे जातो. जी जमीन प्लॉट पाडून आपण घेतली तिच्यावर आधी काय होतं, शेजारच्या तलावात काय होतं, आणि त्यातलं काय गेलं, एवढंच सांगतो. लेख मासोळीवर आहे. शाकाहारी सभासदांनी रागावू नये, यात रेसिपी नाही. म्हणजे एक आहे, पण ओझरती.

आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात हे पोरांना शाळेत शिकवतात. हे तलाव कोणी बांधले ते मात्र फारसं शिकवत नाहीत. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. माझ्या नातवाने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "आबा, कोणत्या मामाचा तलाव?" त्याला सांगायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ही गोष्ट आपल्या गल्लीतल्या पोरांनाही माहीत नाही.

गोंड राजांच्या काळात या झाडीपट्टीत जंगल फार आणि वस्ती थोडी होती. जो जंगल तोडून गाव वसवील, तलाव बांधील, त्याला त्या पाण्यावर भिजणारी जमीन, असं राजाचं धोरण. या कामात पुढे आला तो कोहळी समाज. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणलं असं सांगतात. त्यांना ऊस लावायचा होता आणि उसाला पाणी हवं होतं. 1908 साली रसेलसाहेबाने भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर तयार केलं. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा त्याचा आणि हिरालालांचा मोठा ग्रंथ 1916 चा. त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या हातोटीची दखल घेतली आहे. ना लेव्हलचं यंत्र, ना इंजिनिअर. पावसाळ्यात पाणी कुठून कसं वाहतं हे दोन-चार वर्षं नुसतं बघायचं आणि मग पार घालायची. (पाळ म्हणतात पुस्तकात. आपण झाडीतले लोक 'ळ'चा 'र' करतो, म्हणून पार.) नवेगावबांध, शिवनीबांध ही त्यातली मोठी नावं. लहानसहान तलाव आणि बोड्या तर गावोगाव. पूर्व विदर्भात मिळून असे जवळजवळ सात हजार तलाव मोजले गेले आहेत.

तलावाची रचना समजून घेतल्याशिवाय मासोळीची गोष्ट कळायची नाही, म्हणून दोन मिनिटं थांबा. पार फक्त उताराच्या बाजूला असते. बाकी तिन्ही बाजूंनी तलाव उघडा, जमिनीत हळूहळू चढत गेलेला. म्हणजे पारीजवळ दोन पुरुष पाणी असलं तरी वरच्या कडेला गुडघाभर, मग घोटाभर, मग नुसता ओलावा. शेताला पाणी सोडायला पारीत तुडुम असतं. त्याची भोकं वरून खाली एकेक करून उघडत जायची. जास्तीचं पाणी निघून जायला एका कडेला सलंग. सलंगीतून निघालेलं पाणी नाल्याने खालच्या बोडीत, बोडीतून धानाच्या बांध्यांमध्ये, तिथून पुढच्या गावच्या तलावात, आणि असं करत शेवटी चुलबंदेत नाहीतर वैनगंगेत. एक तलाव म्हणजे एकटा तलाव नसतो, सगळी साखळी असते.

ही साखळी माणसाने पाण्यासाठी केली, पण तिच्यावरून मासोळी चढायला लागली. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, सलंग वाहायला लागली की खालच्या बांध्यांतले, नाल्यातले मासे पाण्याच्या उलट चढून तलावाकडे निघायचे. वरच्या कडेच्या उथळ पाण्यात गवत, देवधान, चिला असायचा, त्यात अंडी घालायचे. मोठ्या माशाला घोटाभर पाण्यात येता येत नाही, म्हणून पिल्लं वाचायची. उन्हाळ्यात तलाव आटला तरी वाघूर आणि मरळ चिखलात तग धरून राहायचे. त्यांना हवेतला श्वास घेता येतो. थोडक्यात, बियाणं कोणी विकत आणत नव्हतं. मुद्दल तलावातच राहायचं आणि आपण व्याज खात होतो.

आमच्या लहानपणी घरी मासोळी यायची ती एका ढिवर आजीकडून. डोक्यावर टोपली, ती अंगणात उतरवायची आणि "मासोरी घेता का जी?" असं विचारायची. पैसे क्वचितच. सुपात धान द्यायचं. टोपलीत वर दोन-तीन शिंगी किंवा एखादा मरळ असायचा, तो ज्याच्याकडे पाहुणे त्याच्यासाठी. खाली सगळी बोटभर, चांदीसारखी चमकणारी मासोळी आणि झिंगे. तिला आम्ही सरसकट 'चिल्लर' म्हणायचो. मा ती राखेत चोळून धुवायची, डोकं-पोट काही काढायची नाही, आणि जवसाच्या तेलात चिंच घालून शिजवायची. भातासोबत काट्यासकट खायची. उरलेली उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायची. हीच ती ओझरती रेसिपी.

आम्ही चिल्लर म्हणायचो, पण त्या आजीच्या लेखी चिल्लर नावाचा मासा नव्हता. ती एकेक उचलून नाव सांगायची. हा गवतातला, हा वाळूतला, हा फक्त सलंगीच्या खाली सापडतो, हा बाळंतिणीला द्यायचा, हा ताप असलेल्याला द्यायचा नाही. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. गणितात चांगला होतो, मासोळीची नावं पाठ करून कोणी मॅट्रिक होत नाही.

आता इतिहासाकडे. 1853-54 मध्ये नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि पुढच्या बंदोबस्तात गावाच्या पाटलांना मालगुजार म्हणून जमिनीची मालकी दिली. तलावही त्यांचे झाले. मालगुजार लोक देव नव्हते, बेगार घ्यायचे, हे मी ऐकूनही आहे आणि थोडं पाहूनही. पण तलाव फुटला तर त्यांचाच धान वाळणार होता, त्यामुळे दर उन्हाळ्यात पारीवर माती पडायची, गाळ निघायचा. गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क, म्हणजे कोणी कुठे गुरं पाजायची, कोणी कमळकाकडी काढायची, कोणी मासे धरायचे, हे वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेलं असायचं. ढिवर मासे धरायचे आणि त्यातला वाटा मालगुजाराच्या घरी पोचवायचे.

मी जन्मलो त्या साली, 1950 मध्ये, मध्य प्रदेशाने मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला. हो, मध्य प्रदेश. आपण तेव्हा तिकडे होतो. 1956 ला मुंबई राज्यात आलो आणि 1960 ला महाराष्ट्रात. 1951 पासून मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. कायदा योग्यच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण झालं असं की मालगुजाराने पारीवर माती टाकणं बंद केलं आणि सरकारचा माणूस काही लवकर आला नाही. तलाव सिंचनासाठी एका खात्याकडे, मासोळीसाठी दुसऱ्याकडे, आणि गाळाचा विचार करायला कोणीच नाही. गाळ साचला, कडेने बेशरम माजली. ही बेशरम आपल्या इकडची नव्हे, दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाला बरी म्हणून लोकांनी लावली आणि मग ती तलावाच्या कडेकडेने पुढे सरकत राहिली. जिथे बेशरम तिथे गवत नाही, देवधान नाही, आणि मासोळीला अंडी घालायला जागा नाही.

मासेमारीसाठी ढिवरांच्या सहकारी संस्था निघाल्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. आपल्या सोसायटीच्या प्रमाणपत्रावर जो कायदा छापलेला आहे, तोच. फरक एवढाच की आपल्याला प्लॉट मालकीचे मिळाले आणि त्यांना तलाव ठेक्याने. ठेक्याची रक्कम भरायची तर विकायला वजनदार मासा हवा. चिल्लर गावातच सुपाभर धानावर जाते, तिचे रोख पैसे होत नाहीत.

इथे रोहू-कतला आला. त्यामागची गोष्ट मोठी आहे आणि अभिमानाचीही आहे. रोहू, कतला, मृगळ हे नदीचे मासे. ते वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी देतात, साचलेल्या तलावात देत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज नदीतून गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मस्तकातल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. देशात 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळे. त्यानंतर बीज हवं तितकं तयार होऊ लागलं. त्याच सुमारास, 1959 मध्ये, बाहेरून गवत्या कार्प आणि चंदेरी कार्प आणले. सत्तरच्या दशकात मत्स्यशेतकरी विकास यंत्रणा निघाल्या, अनुदान आलं आणि बँकांना कर्जाची उद्दिष्टं आली. देशात मासळीचं उत्पादन वाढलं, लोकांना प्रथिनं मिळाली, हे सगळं खरं आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही.

आता मी आलो त्यात.

1983-84 साली मी साकोलीकडच्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. बँकेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. एका मच्छीमार संस्थेचं कर्जप्रकरण माझ्याकडे आलं. मत्स्यबीज, जाळी, आणि तलावाखालच्या बोडीत बीज वाढवायची सोय. प्रकल्प अहवाल छापील नमुन्यातला होता. त्यात एक बाब होती: 'अनिष्ट मासे काढून टाकणे – मोहाची ढेप'. मोहाच्या बिया गाळून तेल काढल्यावर जी ढेप उरते तिच्यात सॅपोनिन असतं, त्याने मासे मरतात आणि काही दिवसांनी तीच ढेप खत होते. शास्त्रीय पद्धत आहे, आजही पुस्तकात आहे. आपल्या भागात मोहाला काय तोटा. मी टिपणी लिहिली, शिफारस केली, कर्ज मंजूर झालं.

पाहणीला गेलो तो नेमका ढेप टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बोडी पांढरी झाली होती. बोटभर मासोळी उलटी होऊन काठाला लागली होती, थरच्या थर. काही वाघूर अजून तोंड वर काढून हवा घेत होते. बायका-पोरं टोपल्या भरत होती, कारण तो मासा खाता येतो. एक म्हातारी बाई वेचता वेचता थांबली. माझ्या हातात फाईल होती म्हणून मीच साहेब हे तिने ओळखलं.

"सायेब, हे मासे खराब होते का जी?"

मी सांगितलं, खराब नाहीत, पण हे रोहूच्या पिल्लांचं खाद्य खातात, आणि यातले काही पिल्लंच खातात. म्हणून आधी काढावे लागतात.

ती म्हणाली, "रोहूचे पिल्ले तुमी मोजून टाकता. हे कोनं टाकले होते जी?"

मला उत्तर आलं नाही. शेजारी उभे असलेले संस्थेचे अध्यक्ष तिच्यावर रागावले, "साहेबासंग असं बोलतेत का?" म्हणाले. मी हसून वेळ मारून नेली आणि पाहणी अहवालात लिहिलं: 'काम प्रगतिपथावर, समाधानकारक.'

पहिल्या वर्षी रोहू-कतला छान वाढला. नागपूरची गाडी आली, रोख पैसे मिळाले, पहिला हप्ता वेळेवर भरला गेला. मी त्या प्रकरणाचं कौतुक वरिष्ठांना कळवलंही. दुसऱ्या वर्षी पूर आला, सलंग कमरेइतकी वाहिली आणि अर्ध्याहून जास्त बीज वाहून गेलं. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी, तलाव लवकर आटला, मासा वाढण्याआधीच काढावा लागला. आता रोहूची गंमत अशी की एकदा गेला की गेला, पुढच्या वर्षी बीज पुन्हा विकत. दरवर्षी खरेदी, दरवर्षी ठेका, दरवर्षी व्याज. पूर्वी असं वर्ष आलं की ढिवर चिल्लर, वाघूर, झिंगे यांच्यावर भागवायचा, कारण ती खालून चढून परत यायची. पण खालच्या बोडीतली तर आम्ही ढेप टाकून काढली होती. खातं थकीत झालं. वसुलीच्या नोटिशीवर सही माझीच होती. ते अध्यक्ष दर महिन्याला सायकलने यायचे आणि वीस-वीस रुपये भरून पावती घेऊन जायचे. एकही शब्द बोलले नाहीत. माझी बदली झाली तेव्हा खातं चालूच होतं.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत बुडीत कर्जं बरीच पाहिली. ट्रॅक्टरची, विहिरींची, किराणा दुकानांची. पण आठवतं ते हे.

एका बोडीने जिल्ह्यातली मासोळी गेली असं मी म्हणत नाही. कारणं पुष्कळ. गवत्या कार्प नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करतो, म्हणजे अंडी घालायचं गवत गेलं. धानावर फवारणी वाढली, आणि ती बांध्यांतून नाल्यात उतरते. रस्त्यांखाली गोल पाइप टाकले, त्यातून पाणी खाली पडतं पण मासा वर चढत नाही. सलंगीच्या तोंडावर ऐन अंडी घालायच्या दिवसांत बारीक आसाची जाळी लागू लागली. वैनगंगेवर गोसेखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि मोठ्या नदीतल्या माशांचं येणं-जाणं तिथे अडलं. आणि अलीकडे तलाव दुरुस्त करायला पोकलेन आणतात. गाळ काढणं चांगलंच. पण यंत्र कडा उभ्या कापतं, तलावाचा हौद होतो. ती घोटाभर पाण्याची कडच राहत नाही. काम करणारे म्हणतात, साठवण क्षमता वाढली. वाढली ना. मासोळी कुठे अंडी घालील हा कॉलमच मोजमाप पुस्तकात नाही.

वाघूर, म्हणजे आपला देशी मांगूर, आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. बाजारात मांगूर म्हणून जो थोराड काळा मासा दिसतो तो बहुतेक वेळा आफ्रिकेतला, 'थाई मांगूर' म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारने 2000 साली बंदी घातली, कारण तो तलावातलं बाकी सगळं खाऊन टाकतो. तरी मिळतो. घेताना बघून घ्या.

चिल्लर मासोळीचं मात्र वेगळं आहे. ती कोणत्याही लाल यादीत ठळकपणे येत नाही, कारण तिच्यातल्या बऱ्याच जाती देशभर सापडतात. मग काळजी कशाला, असं कोणी म्हणेल. याचं उत्तर मला जगातली काही उदाहरणं वाचल्यावर मिळालं. फिलिपिन्समध्ये लानाओ नावाचं सरोवर आहे. तिथे आणि तिथून निघणाऱ्या नदीत आपल्या चिल्लरच्याच कुळातले सतरा प्रकारचे मासे होते, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. बाहेरचे मासे शिरले, वारेमाप मासेमारी झाली, आणि 2020 मध्ये त्यातले पंधरा नामशेष झाल्याचं जाहीर झालं. उरलेले दोनही बहुधा गेलेच. तुर्कस्तानात एग्रिदिर सरोवरात 1955 साली एक बाहेरचा शिकारी मासा उत्पादन वाढवायला म्हणून सोडला, आणि तिथलाच असा एक छोटा मासा कायमचा संपला. त्यांच्याकडे एक सरोवर म्हणजे एक जात. आपल्याकडे तसं नाही, हे आपलं नशीब. एका तलावातली गेली तरी साखळीतल्या खालच्या तलावातून परत येऊ शकते. पण साखळी तुटली तर आपला प्रत्येक तलाव एकटा पडतो. मग त्या तलावापुरती ती मासोळी कायमची गेली, देशात दुसरीकडे कितीही असो.

शिवाय तिच्यात जे आहे ते रोहूत नाही. बांगलादेशात मोला नावाच्या बोटभर माशावर बराच अभ्यास झाला. हा मासा आपल्या तलावांतही असतो. त्याच्यात अ जीवनसत्त्व मोठ्या कार्पपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघालं, आणि तेही बहुतेक डोळ्यांत आणि पोटात, म्हणजे मोठ्या माशाचा जो भाग आपण टाकून देतो त्यात. काट्यासकट खाल्ला की कॅल्शियमही मिळतं. या कामाबद्दल डॉ. शकुंतला थिलस्टेड यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी मोठे मासे आणि चिल्लर एकाच तळ्यात सोबत वाढवता येतात हेही दाखवलं. म्हणजे ढेप टाकायची गरजच नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मा डोकं-पोट न काढता शिजवायची ते काही आळसाने नव्हे.

सगळंच गेलं असं समजू नका. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ढिवर समाजासोबत बरीच वर्षं काम करत आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या नावाने त्यांनी आधी ढिवरांकडून मासे आणि पाणवनस्पती समजून घेतल्या. कोणता मासा कोणत्या गवतात राहतो, कुठे अंडी घालतो, हे जुन्या लोकांना माहीत होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. मग संस्थांमधल्या लोकांनी तलावातली बेशरम मुळासकट काढली, कडेची जमीन नांगरली आणि उन्हाळा संपता संपता देशी वनस्पती लावल्या. बायका या कामात पुढे होत्या. मी निवृत्तीनंतर तिकडचे एक-दोन तलाव पाहून आलो. कडेला पुन्हा देवधान होतं, पाण्यावर कमळं होती. पारीवर बसलेल्या एका माणसाने ओंजळ भरून चिल्लर दाखवली. रोहूही होताच. दोन्ही होते.

आता आपल्या सोसायटीबद्दल, कारण इथे मला एक कबुली द्यायची आहे.

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी आपली नोंदणी झाली. तेव्हा मोठ्या दिघोरीत हाउसिंग सोसायटी कशाला, लोक हसले होते. जागा होती धानाच्या बांध्यांची. आग्नेय कोपऱ्यात, आज जिथे प्लॉट क्रमांक 31 ते 36 आहेत, तिथे बोडी होती. तलावाच्या सलंगीचा नाला तिच्यात यायचा. लेआउटसाठी ती मुरमाने बुजवली. रीतसर परवानगी होती, काही गैर झालं नाही. ठरावावर माझी सही आहे आणि मुरमाच्या टिप्परांची बिलंही मीच चुकती केली. बोडी काय, पाऊण एकराची. तेव्हा वाटलं, डबकं आहे.

त्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी का भरतं, यावर वार्षिक सभेत पंचवीस वर्षं चर्चा होते. गटार लहान, ग्रामपंचायत लक्ष देत नाही, उतार चुकला, हे सगळं बोलून झालं. पाणी जिथे तीनशे वर्षं जात होतं तिथेच जात आहे, एवढंच.

गेल्या आषाढात सलग दोन दिवस पाऊस झाला. 34 नंबरच्या अंगणात पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरताना आपल्या वॉचमनचा मुलगा आणि गल्लीतली चार पोरं प्लास्टिकच्या बादलीत काहीतरी घेऊन माझ्याकडे आली. "आबा, गटारात मासे!" बादलीत नऊ-दहा बोटभर मासोळ्या होत्या, पाठीवर हिरवट, पोटाशी चांदी. एका जातीच्या नव्हत्या, निदान तीन प्रकार होते हे मलाही दिसलं. सलंग वाहिली होती आणि त्या खालून नाल्याने चढत आल्या होत्या. बोडी शोधत आल्या असाव्यात, सापडलं गटार.

पोरांनी नावं विचारली. मी "चिल्लर" म्हटलं. वॉचमनचा मुलगा हसला. तो ढिवरांचा आहे. त्याने आपल्या आजीला बोलावून आणलं. म्हातारीला दिसत कमी. तिने एकेक हातात घेऊन, अंगठ्याने खवले चाचपून, प्रत्येकाचं वेगळं नाव सांगितलं. एका मासोळीला मात्र थांबली. "हे लय दिसांनी पायली," म्हणाली. या वेळी मी वही घेऊन बसलो होतो. मग पोरं बादली घेऊन तलावावर गेली आणि सोडून आली. मीही गेलो, छत्री घेऊन, हळूहळू.

येत्या वार्षिक सभेत उरलेला नाला बंदिस्त करून त्यात सिमेंटचे पाइप टाकण्याचा प्रस्ताव आहे. 31 ते 36 च्या सभासदांचा त्रास खरा आहे, त्यांच्या घरात पाणी जातं, माझ्या नाही, हे मी विसरत नाही. माझं म्हणणं एवढंच की पाइप टाकण्याआधी एकदा नाला उघडा ठेवून रुंद करण्याचा आणि खुल्या जागेत, बॅडमिंटनच्या कोर्टामागे, लहानशी बोडी पुन्हा खोदण्याचा खर्च काढून बघावा. पाणी थांबायला जागा मिळाली तर घरात येणार नाही. मी अंदाजपत्रकाचा कच्चा कागद तयार केला आहे, ज्यांना हवा त्यांनी घरी येऊन बघावा. सकाळी अकरापर्यंत असतो. खोदाईसाठी माझ्याकडून एका महिन्याची पेन्शन. सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय सातव्या क्रमांकावर आहे, चहाच्या आधी.